क्वार्टरबॅकला ‘नाही’ कळवताना

गिरीश पाटणकरला कुणालाही ‘नाही’ म्हणता येत नाही, हे टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे त्याचा यथेच्छ फायदा घेतात. गणपतीत खुर्च्या मांडायला गिरीश, कुणाच्या आईवडिलांना विमानतळावरून आणायला गिरीश, नाटकाला प्रॉम्प्टर मिळाला नाही की पुन्हा गिरीशच. एकदा विमा विकायला आलेल्या माणसाला त्यानं चहा पाजला, वर पोहे खाऊ घातले आणि ‘विचार करून कळवतो’ म्हणून वाटेला लावलं. तो बिचारा पुढं कितीतरी महिने फोन करत राहिला, कारण त्यानं ते शब्द खरे धरले होते. गिरीशची बायको चैत्राली हा किस्सा आल्यागेल्याला सांगते आणि गिरीशही त्यात हसून घेतो.

अशा माणसानं नोकरीत काय करावं, तर अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंना नकार कळवण्याचं काम अंगावर घ्यावं. कुणी लादलं नव्हतं. स्वतःहून मागून घेतलं होतं.

गिरीश मूळचा मिरजेचा. इंजिनीअर होऊन तो फ्रिस्कोशेजारच्या प्लेनोतल्या एका टेलिकॉम कंपनीत आला आणि उभी उमेद तिथं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्यात घालवली. त्या कामात तो वाकबगार होता. स्क्रीनवर एखादं बटण केसभर हललं तरी त्याला कळायचं. मग एके दिवशी कंपनीनं अख्खा विभागच बंद केला. पुढचं वर्ष गिरीशनं अर्ज करण्यात काढलं, आणि त्या वर्षानं त्याला जेवढं दुखावलं तेवढं नोकरी जाण्यानंही दुखावलं नव्हतं. कारण उत्तरच येत नसे. मुलाखती व्हायच्या, हसूनखेळून गप्पा व्हायच्या, आणि मग शांतता. चैत्रालीला दिसू नये म्हणून तो गॅरेजमध्ये गाडीत बसून ईमेल बघायचा. ‘नाही’ एवढं दोन अक्षरी सांगायलासुद्धा कुणाला सवड होऊ नये, याचं त्याला फार वाईट वाटायचं.

शेवटी काम मिळालं ते अशा ठिकाणी, की मिरजेच्या नातेवाइकांना ते समजावून सांगताना त्याची दमछाक व्हायची. इथं ज्याला फुटबॉल म्हणतात तो पायानं खेळायचा नव्हे. चेंडू सोललेल्या नारळासारखा, आणि तो हातानं फेकायचा. ओणवा राहून पायांतून चेंडू मागं देतो तो सेंटर, आणि तो घेऊन फेकणारा जो एक जण असतो तो क्वार्टरबॅक. संघात बाकी कितीही धिप्पाड गडी असोत, सगळा कारभार या एकाच्या मुठीत. या खेळाची जी मोठी लीग आहे तिच्यापुढं सगळा देश शरद ऋतूपासून थंडी सरेपर्यंत टीव्ही लावून बसतो. ती संपली की वसंतात एक छोटी लीग सुरू होते. पैसा बेताचा, स्टेडियम अर्धं रिकामं. त्या छोट्या लीगच्या ऑफिसात गिरीश व्हिडिओचं काम बघायला लागला.

छोट्या लीगला क्वार्टरबॅक मिळतात कुठून? ऑगस्टअखेर मोठ्या लीगचे संघ आपली गर्दी कमी करतात आणि जे घरी पाठवले जातात त्यांच्यावर छोट्या लीगचा डोळा असतो. प्रत्येक संघाला तिघे लागतात. पहिला असा, की जो मोठ्या लीगच्या बाकावर बसून आलाय. खेळला नसला तरी त्यानं सगळं पाहिलेलं असतं. दुसरा शक्यतो त्याच गावच्या कॉलेजातला, म्हणजे त्याला बघायला लोक तिकीट काढतील. आणि तिसरा? त्या तिसऱ्या जागेसाठी देशभरातून शेकडो पोरं आपापले व्हिडिओ पाठवतात. कुणी टायरच्या दुकानात कामाला असतं, कुणी शाळेत बदली शिक्षक, कुणी बापाच्या शेतावर. पगारासाठी यातलं कुणीच येत नाही. त्यांना हवी असते फक्त नवी फिल्म. एक वसंत आपण खेळलो, त्याची चित्रफीत झाली आणि मोठ्या लीगमधल्या कुणी ती पाहिली, तर परत बोलावणं येईल, एवढ्या आशेवर ही मंडळी जगतात. बोलावणं आलं की छोटी लीग त्यांना अडवत नाही. तसा करारच असतो.

खेळाडू निवडणारा मुख्य माणूस होता डॅरेल. आयुष्यभर शाळा-कॉलेजांत कोच म्हणून उन्हात उभा राहिलेला, तोंडात कायम दातकोरणी. पहिल्याच दिवशी त्यानं गिरीशला सांगितलं, "चांगले थ्रो पोरगा स्वतःच पाठवतो. तू मला त्याचे वाईट काढून दे." पावसातले, संघ हरत असतानाचे, चेंडू विरोधकांच्या हातात गेल्यानंतरचा लगेचचा. माणूस तिथं कळतो, असं डॅरेलचं मत. गिरीशला हे काम असं जमलं की विचारू नका. चुका काढण्यात तर त्याची हयात गेली होती. फरक एवढाच, की सॉफ्टवेअरला आई नसते, घर नसतं. ही पोरं दिवसभर स्क्रीनवर धडपडताना बघून गिरीशचा जीव त्यांच्यात अडकायला लागला.

नोलन प्रिचर्ड हा त्यांतलाच. टेक्सासच्या पार उत्तरेकडच्या, नाव कुणाला माहीत नसलेल्या कॉलेजचा. मोठ्या लीगच्या एका संघानं त्याला एकदा उन्हाळ्यापुरतं बोलावून परत पाठवलं होतं, नंतर खांद्याचं ऑपरेशन झालं. गिरीशला तो आवडला तो एका सवयीमुळं. त्याचा चेंडू कुणी मध्येच पळवला, तर त्या पळवणाऱ्याला नोलन स्वतः हात देऊन उठवायचा. हरत असतानासुद्धा. डॅरेलसाठी वाईट थ्रोंची फिल्म कापताना गिरीशनं गुपचूप हे हात देणंही त्यात ठेवलं.

डॅरेलनं दोन थ्रो पाहिले. दोन्ही ऑपरेशननंतरचे, मैदानाच्या पार कडेच्या रेषेकडं टाकलेले. "हात गेला," तो म्हणाला. "पुढचा लाव."

झालं. आणि दुःखाची गोष्ट अशी की गिरीशलाही ते माहीत होतं. त्यानं ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे थ्रो शेजारीशेजारी लावून पाहिले होते. आधीचा चेंडू ताणलेल्या दोरीसारखा सरळ जायचा. नंतरचा अर्ध्या वाटेत दमायचा आणि खाली यायला लागायचा.

निवड झालेल्यांना फोन जायचे. न झालेल्यांना काहीच नाही. न आलेला फोन हेच उत्तर, अशी रीत होती आणि तिच्यात कुणाला काही खटकत नव्हतं. गिरीशला खटकलं. तो डॅरेलकडं गेला आणि म्हणाला, "शेवटच्या फेरीतून गळालेल्यांना मी कळवू का?"

डॅरेलनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "कळव. पण कारण सांगू नकोस. कारण दिलं की माणूस त्या कारणाशी झुंजत बसतो."

तर गिरीश मीटिंग रूमचं दार लावून फोन करायला बसला. सर्वांत जुनं भय उरावर घेऊन बसला, आणि त्याला आश्चर्य वाटलं, की बहुतेकांनी आभार मानले. एकानं शिवी हासडली आणि लगेच माफी मागितली. एकानं फोन आईच्या हातात दिला आणि तिलाही सांगायला लावलं. कारण मात्र कुणी विचारलं नाही. नोलननं विचारलं. अगदी मऊ आवाजात, उत्तराची फारशी अपेक्षा नसल्यासारखं. "का ते सांगाल का, सर?"

आपल्याकडं मुलगी बघून आल्यावर नकार द्यायचा असला, की ‘मुलगी पसंत नाही’ असं कुणी म्हणतं का? ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात. पत्रिका कुणी उघडलेलीसुद्धा नसते. दोन्ही घरची माणसं काय ते समजतात, कुणाचा अपमान होत नाही, पुढं कुठल्या लग्नात भेटले तर हसून बोलता येतं. गिरीशच्या रक्तातच ते होतं. हात गेला, हे शब्द जिभेवर आले आणि तिथंच विरघळले. "तुझ्यात काही कमी नाही रे," तो म्हणाला. "आमच्या सिस्टिमशी तुझं जुळत नाही, एवढंच. आमच्या कोचना सेंटरच्या पाठीशी अगदी चिकटून उभा राहणारा क्वार्टरबॅक हवाय. तू नेहमी लांब मागं उभा राहून चेंडू घेतोस."

पलीकडं नोलननं ‘सेंटरच्या पाठीशी’ असं स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग नोलन म्हणाला, "थँक यू, सर. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं." गिरीशनं फोन ठेवला आणि आपण एका पोराचं मन राखलं, या समाधानात डबा उघडला.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला पहिला व्हिडिओ आला. नोलन एका ओसाड शाळेच्या मैदानावर, जुन्या कचऱ्याच्या पिंपाला सेंटर मानून त्याच्या पाठीशी चिकटून उभा. चेंडू घेतो, मागं सरकतो, पाय रोवतो, फेकतो. खाली लिहिलेलं, ‘बघा सर, अजून अवघडल्यासारखं होतंय, पण जमेल.’ गिरीशनं उत्तर काय द्यावं? ‘छान’ असं दिलं. त्यानंतर दर रविवारी व्हिडिओ येऊ लागला. पाय सुधारत होते, हे तर खरंच. थंडीत पोराच्या तोंडातून वाफ निघायची. मैदानावर बर्फ पडला त्या रविवारीसुद्धा व्हिडिओ आला. गिरीश ‘छान’ लिहायचा आणि त्या रात्रीचं जेवण त्याला गोड लागायचं नाही. हे कुठवर जाणार, असं स्वतःला विचारायचा आणि विचार अर्धा टाकून उठायचा. फेब्रुवारीत लीगची शेवटची खुली चाचणी असते, कुणीही यावं अशी. तोवर थकेल, सोडून देईल, असं त्याला वाटत होतं. क्वार्टरबॅक तसे थकत नाहीत, हे एव्हाना त्याला कळायला हवं होतं.

जानेवारी संपत आला होता. शुक्रवारी संध्याकाळी गिरीश घरी स्वयंपाकघरात चहा गाळत होता आणि फोन वाजला. नोलनचा निरोप होता, मोठा. त्याच्या गावच्या शाळेनं त्याला गणिताचा शिक्षक आणि फुटबॉलचा कोच म्हणून बोलावलं होतं. पक्की नोकरी, विम्यासकट. सोमवारी करारावर सही करायची. पण तो नाही म्हणणार होता. सही केली तर चाचणीला येता येणार नाही, आणि आता पाय तयार झालेत. शेवटी लिहिलं होतं, ‘तुम्ही एकटेच माझ्याशी सरळ बोललात. चाचणीला भेटू.’

गिरीशनं चहा ओट्यावरच ठेवला. समोर चैत्राली भेंडी पुसत बसली होती. तिनं वर पाहिलं. "काय झालं? चेहरा का असा?"

त्यानं सगळं सांगितलं. पहिल्या फोनपासून. आजवर सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं.

चैत्राली ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे तू त्याला पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलंस."

"अगं, पोलाइटली सांगायची एक पद्धत असते. समोरच्याला कळतं ते."

"कुणाला कळतं?"

"सगळ्यांनाच."

"मला नव्हतं कळलं." तिनं भेंडी खाली ठेवली. "तुझ्या आधी चार स्थळं आली होती मला. चारही वेळा पत्रिका. बाबा कराडच्या जोशीबुवांकडं गेले, मग सांगलीला कुणाकडं, मग नरसोबाच्या वाडीला. मी मंगळवारी अळणी जेवायचे, गिरीश. बी.एस्सी.च्या परीक्षेतसुद्धा. माझ्या पत्रिकेतच काहीतरी भयंकर लिहिलंय, आपल्यामुळं नवऱ्याचं काही वाईट होणार, असं वाटायचं मला. किती रडलेय मी त्यावरून. तुम्ही लोकांनी पत्रिका मागितली नाहीत, तेव्हा बाबांना वाटलं तुमच्याच घरात काहीतरी खोट असणार."

गिरीशला हसावं की काय कळेना. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"मग शैलजामावशीनं एक दिवस सांगितलं, अगं वेडे, पत्रिकेत काही नाही, ते सगळे तुझ्या रंगावरून गेले." चैत्रालीनं भेंडी पुन्हा हातात घेतली. "मला वाटलं होतं मला राग येईल. राग नाही आला. त्या रात्री मी गाढ झोपले. माझ्यात काय आहे ते तरी कळलं ना. जे नव्हतंच त्याच्याशी भांडणं तरी संपलं."

गिरीश खाली बसला. त्याला तिच्या हातावर हात ठेवावासा वाटला आणि त्यानं तो ठेवला. भेंडीची लव चिकटलेले तिचे सावळे हात, त्याला पहिल्या दिवसापासून आवडलेले. असल्या गोष्टी तो बोलून दाखवत नसे. त्या संध्याकाळी त्यानं त्या बोलून दाखवल्या.

"पुरे," चैत्राली डोळे पुसत म्हणाली. "आता त्या मुलाचं बघ."

"फोन करतो."

"फोनवर तू परत गोड बोलशील. ओळखते ना मी तुला. उद्या सकाळी गाडी काढ आणि जा."

शनिवारी सकाळी गिरीश निघाला. फ्रिस्कोची घरं, मॉल आणि बांधकामावरच्या क्रेन मागं पडल्या आणि मग नुसतं सपाट पिवळं गवत सुरू झालं. रस्ताभर तो एकच वाक्य मोठ्यानं म्हणत होता. म्हणून बघताना वाक्य दर वेळी थोडं मऊ व्हायचं. कधी त्यात ‘जरासा’ घुसायचा, कधी ‘कदाचित’. गिरीश ते शब्द उपटून टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. एका पंपावर तर पेट्रोल भरतानाही त्याचं चाललेलं ऐकून शेजारचा ट्रकवाला त्याच्याकडं बघत राहिला.

नोलनच्या घराचं दार त्याच्या बायकोनं उघडलं. तिचं नाव केटी. कडेवर वर्षाची मुलगी. गिरीशनं नाव सांगताच तिचा चेहरा उजळला. "तुम्हीच का ते! इतक्या वर्षांत फोन करून कारण सांगणारे तुम्ही पहिलेच. नोलन सगळ्यांना तुमच्याबद्दल सांगतो." गिरीशला दारातच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिनं पाणी दिलं. नोलन शाळेच्या मैदानावर होता, रोजच्यासारखा.

"सोमवारचं तुम्हाला माहीत असेलच," केटी म्हणाली. मुलीच्या केसांतून बोटं फिरवत ती जरा घुटमळली. "मला काय हवंय ते मी त्याला सांगितलेलं नाही. त्याचं स्वप्न माझ्यामुळं मोडलं, असं नको."

मैदान दोन गल्ल्या सोडून होतं. नोलन गिरीशला बघून धावतच आला. फिल्मवर दिसायचा त्यापेक्षा बारीक, केस वाऱ्यानं विस्कटलेले. "सर! तुम्ही इकडं?" आणि गिरीशला तोंड उघडू न देता तो पिंपाच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. "आधी हे बघा." शेजारच्या पिशवीतला चेंडू घेतला, मागं सरकला, पाय रोवले. एकदा, पुन्हा एकदा, आणखी एकदा. पायांत काही म्हणता काही चूक नव्हती. एवढ्या वर्षांच्या सवयीच्या नजरेनं गिरीशनं शोधली, आणि सापडली नाही. त्यामुळं तर त्याला अधिकच भरून आलं.

"पाय उत्तम झालेत," तो म्हणाला. हे खरं होतं. मग त्यानं श्वास घेतला. "नोलन, पाय कधीच अडचण नव्हती. ती सिस्टिमची गोष्ट मी बनवून सांगितली. ऑपरेशननंतर तुझा हात गेलाय. कडेच्या रेषेकडचे तुझे थ्रो पोचत नाहीत. त्या खोलीत एवढंच बोलणं झालं, आणि ते खरं आहे. ती फिल्म मीच कापली होती. फोन करताना मला माहीत होतं."

वाक्य संपलं. त्यात ‘जरासा’ नव्हता.

नोलनच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. निरोप पोचायला वेळ लागावा तसं ते थोडा वेळ तिथंच राहिलं. मग त्यानं पाठ फिरवली. "बनवून का सांगितलंत?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मी कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेत होतो. सबंध हिवाळा. केटी एकटी मुलीला बघत होती." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर गिरीशला सोपं गेलं असतं. "बर्फात, सर."

"हो. मी पाहिलंय ते. माझी चूक आहे, नोलन. मला माफ कर."

वारा होता. गिरीशनं सारवासारव केली नाही. आमच्याकडं अशी पद्धत असते, वगैरे सांगायचा मोह झाला होता, पण त्या पोराला त्याचं काय करायचं होतं?

नोलन वळला. त्यानं चेंडू उचलला आणि हातानं लांब कडेला दाखवलं. "तिकडं त्या रेषेवर उभे राहा."

गिरीश चालत गेला आणि पांढऱ्या रेषेवर जाऊन उभा राहिला. नोलन पिंपाच्या पाठीशी. पाय मागं, पाय रोवले, आणि त्यानं अंगात होतं नव्हतं ते सगळं त्या एका थ्रोत घातलं. चेंडू निघाला तेव्हा सुरेख निघाला. गिरीशच्या डोळ्यांनी त्याचा रस्ता लगेच ओळखला. तो अलीकडं पडणार होता. दोन ढांगा पुढं टाकल्या असत्या तर झेलता आला असता. गिरीशचं सगळं अंग पुढं जायला निघालं, कारण समोरच्याचं कमी पडलं तर आपण पुढं होऊन भरून काढायचं, हेच तो जन्मभर करत आला होता. त्यानं टाचा रेषेवर दाबून धरल्या. चेंडू त्याच्यासमोर गवतावर आपटला, वेडावाकडा उसळला आणि बाजूला जाऊन पडला.

"पोचला?" नोलननं तिथूनच विचारलं.

"नाही."

"थोडक्यात चुकला?"

"थोडक्यात नाही," गिरीश म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण एवढ्या लांबून ते दिसत नव्हतं.

नोलन चालत आला आणि गिरीशशेजारी गवतावर बसला. गिरीशही बसला, गुडघे कुरकुरले. "कॉफीचा मग मी हल्ली डाव्या हातानं उचलतो," नोलन म्हणाला. "थंडीमुळं असेल, असं म्हणायचो." गवताचं एक पातं त्यानं तोडलं, त्याचे बारीक बारीक तुकडे केले. "आतून कुठंतरी माहीत होतं बहुतेक. पण कुणी म्हणत नाही तोवर आपण कशाला म्हणायचं." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मला शिकवायला जमेल, असं वाटतं तुम्हाला? शाळेत?"

‘अरे, उत्तम जमेल,’ हे गिरीशच्या ओठांवर आयतं तयार होतं. त्यानं ते गिळलं. "माहीत नाही. तुला शिकवताना मी पाहिलेलं नाही."

नोलननं त्याच्याकडं वळून पाहिलं आणि तो हसला. मोठ्यानं, पोटातून. सकाळपासून पहिल्यांदा. "मग उठा," तो म्हणाला.

पन्नाशी उलटलेल्या, आयुष्यात रबरी चेंडूपलीकडं काही न फेकलेल्या गिरीशच्या हातात त्यानं तो नारळ दिला. बोटं शिवणीवर कुठं ठेवायची ते दाखवलं. गिरीशनं फेकला, तो चार हातांवर लोळला. "चूक," नोलन म्हणाला. "कोपर वर." दुसरा आभाळाकडं गेला. "चूक. घाई नको." चूक हा शब्द तो इतका साधा उच्चारत होता, की गिरीशला तो कुठं लागतच नव्हता. त्यात ना राग होता, ना साखर. चूक म्हणायचं आणि लगेच काय करायचं ते सांगायचं. एकदा तर तो खाली बसला आणि गिरीशचा बूट दोन्ही हातांनी धरून त्यानं पाय हवा तसा वळवून ठेवला. "हं. आता."

चेंडू हातातून सुटला तेव्हाच गिरीशला वेगळं वाटलं. तो गरगर फिरत, नाक पुढं काढून, बऱ्यापैकी लांब गेला आणि अलगद गवतावर उतरला. गिरीश आपल्या हाताकडं बघत राहिला.

"तर?" नोलननं विचारलं.

गिरीशनं घाई केली नाही. लांब पडलेल्या चेंडूकडं त्यानं एकदा पाहिलं, या पोराकडं एकदा पाहिलं. "येतं तुला," तो म्हणाला. "शिकवता येतं."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

"नाही."

नोलन त्याच्या चेहऱ्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि घरी लावला. "केटी," तो म्हणाला, "सोमवारी मी सही करतोय." पलीकडून तिचं सुटल्यासारखं रडू ऐकू आलं, आणि ते ऐकता ऐकता नोलनचेही खांदे हलायला लागले. गिरीश मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चेंडू गोळा करायला गेला आणि एकेक चेंडू सावकाश उचलत राहिला.